गाडीचं दुखणं अंगावर काढू नका!

तव्याला गंज चढला तर तुम्ही काय करता? घासणी घेऊन खसाखसा घासता, धुता, गॅसवर ठेवून कोरडा करता आणि तेलाचा हात फिरवून ठेवून देता. विळीचंही तेच. ओली विळी कुणी तशीच कोपऱ्यात सरकवली, तर घरातली वडीलधारी मंडळी अजूनही ओरडतात. म्हणजे लोखंड कसं सांभाळायचं, हे तुम्हांआम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. मग दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या पत्र्यावर तांबूस ठिपका दिसला, की आपण तोंड का बरं फिरवतो? "गाडीचं हे बघतील," म्हणून मोकळ्या होतो. आणि 'हे' बघतात ते पेट्रोल, टायर आणि इंजिन! पत्र्याकडे दोघांचंही लक्ष नसतं.

मीही त्यातलीच होते. म्हणून आधी माझीच फजिती सांगते.

आम्ही रत्नागिरीला राहतो. २०१६ साली आम्ही एक जुनी लाल गाडी विकत घेतली. माझ्या दोन पाटल्या त्यात गेल्या, त्यामुळे गाडीवर माझा जीव जरा जास्तच. २०१९ च्या पावसाळ्यानंतर गाडी धुताना मागच्या चाकाच्या कमानीखाली मला मसुरीच्या डाळीएवढा तपकिरी ठिपका दिसला. बोट लावलं तर रंग फुगलेला, पुरीसारखा. ह्यांना दाखवला. "अगं, एवढ्याशानं काय होतंय!" मलाही तेच ऐकायचं होतं. घरात लाल नेलपॉलिश होतं, ते दोनदा लावलं आणि ठिपका नाहीसा झाला! मी तर शेजारणींना ही युक्ती सांगतसुद्धा सुटले.

दोन पावसाळे गेले. २०२१ च्या दिवाळीत माहेरी कोल्हापूरला निघालो होतो. साखरप्याच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. ह्यांनी नट सैल केले, जॅक लावला आणि फिरवायला सुरुवात केली. आमची लेक स्टेपनी धरून अगदी जवळ उभी होती. गाडी चार बोटं वर गेली असेल नसेल, तोच 'कर्र' असा आवाज झाला आणि जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्यातून आत घुसलं! गाडी धाडकन खाली आली. चाक अजून जागेवर होतं म्हणून बचावलो. ते काढून झाल्यावर हे घडलं असतं तर? तो विचार मनात आला, की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

गॅरेजमध्ये मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरनं पत्र्यावर टोचलं, तर पापडासारखा तुकडा हातात आला. आतून ओंजळभर चिखल आणि गंजाचा चुरा निघाला. "वहिनी, हा रंगाचा प्रश्न नाही, पत्राच गेलाय," ते म्हणाले. माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका त्या तुकड्यावर तस्साच होता! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तव्याला गंज आला तर घासायच्या आधी तेल ओततेस का गं?"

त्या एका प्रश्नात सगळं आलं. तेव्हापासून मी मेस्त्रींकडून विचारून, स्वतः हात घालून आणि एकदोनदा चुकून जे शिकले, ते तुम्हांला सांगते.

गंज येतो कसा?

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकदम मिळाले की गंज येतो. त्यात मीठ मिसळलं की काम भराभर होतं. म्हणून समुद्रकाठच्या गावांत गाड्या लवकर गंजतात.

ॲल्युमिनियमवरही हवेनं थर येतो, पण तो घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून रंगाखाली गंज धरला की रंग फुगून फोड येतो. वरून फोड डाळीएवढा दिसतो, पण खाली गंज पसरलेला असतो रुपयाएवढा.

गाडीचा बाहेरचा पत्रा असतो तरी किती जाड? साधारण पाऊण मिलिमीटर. आणि त्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. रस्त्यावरचा एक खडा उडाला, शेजारच्या गाडीचं दार घासलं, की हे कवच फुटतं. नव्या गाड्यांच्या पत्र्याला पुष्कळ ठिकाणी जस्ताचा लेप असतो, आपल्या जुन्या जस्ती बादलीसारखा. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण बादलीसुद्धा जन्मभर पुरत नाही, शेवटी तिचाही तळ जातोच ना!

कुठे कुठे पाहाल?

गंज बॉनेटच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा क्वचितच सुरू होतो. तो घरातल्या झुरळांसारखा ओल आणि अंधार शोधतो. तेव्हा या जागा आवर्जून पाहा:

• चाकांच्या कमानींची आतली कड. इथे चिखल साचून महिनोन् महिने ओला राहतो.

• दारांची खालची कड. दाराच्या काचेवरून आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तिथे बारीक भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की दाराचा हौद होतो! खराट्याचा हीर घ्या आणि भोकं हलक्या हातानं मोकळी करा.

• दाराखालची लांब पोकळ पट्टी आणि जॅक लावायच्या जागा. आमची गाडी इथेच गेली.

• पुढच्या काचेखालची जाळी. झाडाखाली गाडी उभी राहत असेल, तर इथे पानं कुजतात.

• पायाखालच्या सतरंज्या. वरून कोरड्या दिसल्या तरी खाली हात घाला. गाडीत कुबट वास येत असेल, तर ओल नक्की आहे.

• डिकी. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. आणि आम्हां किनाऱ्यावरच्या बायकांचा खास अपराध म्हणजे मासळीची पिशवी! बर्फाचं खारट पाणी झिरपून खाली जातं. मासळी झाकणाच्या डब्यातूनच आणा.

• बॅटरीखालचा पत्रा. बॅटरीतलं आम्ल सांडलं तर रंग जातो आणि मागोमाग गंज येतोच.

ठिपका, फोड की भोक?

गंज दिसला की घाबरू नका आणि घाईही करू नका. आधी तो कितपत मुरला आहे ते ओळखा.

पहिली पायरी, नुसता ठिपका. रंगाचा टवका उडालेला, खाली तांबूसपणा, पण पत्रा कडक. हा घरी बरा होतो.

दुसरी पायरी, फोड. रंग फुगलेला. वरचा पापुद्रा काढून घासल्यावर खाली चमकदार आणि टणक पत्रा लागला, तर तोही घरी जमेल.

तिसरी पायरी, भोक, किंवा अंगठ्यानं दाबल्यावर लवणारा, करकरणारा पत्रा. हे काम गॅरेजचंच. तसंच दाराखालची पट्टी, जॅकच्या जागा, गाडीचा तळ, सीटबेल्ट पक्का केलेल्या जागा आणि ब्रेकच्या नळ्या यांच्यावर गंजाचे पापुद्रे दिसले, तर भोक नसलं तरी मेस्त्रींना दाखवा. तिथे घरच्या हौसेला जागा नाही.

घरचा इलाज

सामान रंगाच्या किंवा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. १२०, ४०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, रंगवाल्यांची कागदी चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, गंज निष्प्रभ करणाऱ्या द्रवाची छोटी बाटली, गंजरोधक प्रायमर, गाडीच्या रंगाची टचअपची बाटली, वरून लावायचं पारदर्शक लॅकर, रबिंग कंपाउंड आणि मेण-पॉलिश. शिवाय रबरी हातमोजे, चष्मा आणि तोंडाला चांगला मास्क. नुसता पदर बांधून चालणार नाही, बरं का!

रंगाचा नंबर गाडीवरच लिहिलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो बॉनेटखालच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर सापडतो. "लाल द्या" म्हणून भागत नाही. साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस शोधताना आपण दहा लाल रंग पाहतो ना, तसंच हे!

आता क्रमानं करा:

१. दिवस कोरडा निवडा. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळचं दव वाळू द्या, पण पत्रा उन्हानं तापलेलाही नको.

२. ती जागा गाडीच्या शाम्पूनं धुऊन पूर्ण कोरडी करा. मग फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन तेलकटपणा पुसून काढा. थिनर नको, तो आजूबाजूचा चांगला रंगही मऊ करतो.

३. ठिपक्याभोवती बोटभर जागा सोडून चिकटपट्टी लावा आणि पलीकडे वर्तमानपत्र.

४. आता खरं काम. १२० नंबरच्या कागदानं गंज घासा. तपकिरी रंग जाऊन नव्या स्टीलच्या डब्यासारखा पत्रा चमकेपर्यंत थांबायचं नाही. माझी पहिली चूक इथेच झाली. 'झालं की एवढं' म्हणून मी लवकर थांबले आणि सहा महिन्यांत फोड पुन्हा वर आला! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मग ४०० नंबरनं रंगाच्या कडा उतरत्या करा. डोळे मिटून बोट फिरवा. कंगोरा लागला, तर अजून घासायला हवं. पाणी वापरलंत तर लगेच पुसून कोरडं करा.

५. घासूनही खड्ड्यांत काळपट कण उरतात. त्यांच्यासाठी ती बाटली. ब्रशनं पातळ हात द्या आणि बाटलीवर लिहिलं आहे तेवढा वेळ थांबा. काही बाटल्यांतला द्रव नंतर पुसून किंवा धुऊन काढावा लागतो, तेव्हा सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही द्रवांत टॅनिन असतं. त्यानं गंज काळा पडतो आणि तिथेच बांधला जातो. लोखंडी कढईत आवळा भिजवला की काळाभोर होतो ना? तेच हे! काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याचं एक कारण त्याच्या लोखंडातलं फॉस्फरस आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. त्यामुळे त्यावर फॉस्फेटचा संरक्षक थर जमला. आपली बाटली तेच काम छोट्या प्रमाणात करते.

६. प्रायमर त्याच दिवशी लावायचा. उघडा पत्रा रात्रभर राहिला, तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल. दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. खोलगट भाग भरायचा असेल तर थोडी लांबी भरा, पण ती प्रायमरवर, आणि तिच्यावर पुन्हा प्रायमर. लांबी ओल शोषून घेते, म्हणून ती उघडी ठेवू नये.

७. मग रंग. इथेही पातळ हात. एकदम जाड हात दिला की ओघळ येतो. ठिपका अगदी बारीक असेल, तर आगपेटीच्या काडीच्या टोकानं थेंब सोडा. शेवटी लॅकर.

८. निदान आठवडाभर तिथे घासाघीस नको. मग २००० नंबरचा कागद पाण्यात भिजवून अगदी हलक्या हातानं फिरवा आणि रबिंग कंपाउंडनं चमक आणा. मेण मात्र महिन्याभरानं, रंग आतून पुरता वाळल्यावर.

रंग अगदी हुबेहूब जुळेलच असं नाही. उन्हापावसानं जुना रंग फिकटलेला असतो आणि चकाकीच्या रंगांचं ठिगळ तर ओळखू येतंच. येऊ द्या. रफू दिसलं तरी चालेल, वीण सुटता कामा नये.

हे मात्र करू नका

थिनर आणि स्प्रे भडकन पेट घेतात. हे काम मोकळ्या अंगणात करा, स्वयंपाकघराजवळ, बंद खोलीत किंवा समई-निरांजनाजवळ मुळीच नको. मुलांना दूर ठेवा.

साडीला टाचणीचा गंज लागला की आपण लिंबू-मीठ चोळतो. गाडीवर ते नको! फटीत राहिलेलं मीठ उद्या दुप्पट गंज आणेल.

ठिपक्यावर स्टिकर नको, काळी टेप नको आणि नेलपॉलिश तर नकोच.

ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. आत वाफ कोंडते.

दसऱ्याला झेंडूचा हार तारेनं बांधू नका. तारेनं रंगावर ओरखडे येतात. सुती दोरा वापरा आणि फुलं सुकायच्या आत हार काढा.

गॅरेजमध्ये गेलात तर

सोबत पुरुष माणूस असेल, तर गॅरेजवाले त्याच्याशीच बोलतात, हा तुमचाही अनुभव असेल. तरी तुम्ही विचाराच. "दादा, गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणार, की नुसती लांबी भरणार?" भोकात लांबी भरून वर रंग मारणं म्हणजे गळक्या छताला चुना फासणं. मी सांगितलं होतं, रंग मारायच्या आधी मला पत्रा दाखवा. त्यांनी दाखवला आणि काम मन लावून केलं. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढायला सांगा आणि पोकळ भागांत आतूनही गंजरोधक लेप मारून घ्या. आत ओल राहिली, तर बाहेरचा इलाज फुकट.

आम्हांला त्या कामाला लेकीच्या क्लासच्या वर्षाच्या फीइतके पैसे पडले. विम्याचं विचाराल, तर नेहमीच्या झिजेचं आणि गंजाचं नुकसान आपली साधी मोटार पॉलिसी भरून देत नाही. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करताना तिची तपासणी होते. तळ गंजलेला असेल तर तिथे अडचण येते.

जुनी गाडी घेणार असाल, तर फ्रिजवरचं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून बरोबर न्या. दारांच्या खालच्या कडांना आणि चाकांच्या कमानींना लावून पाहा. शेजारी घट्ट चिकटतं आणि एका जागी निसटतं, म्हणजे तिथे रंगाखाली लांबीचा थर आहे असं समजा. बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे ते चिकटणारच नाही. आम्ही गाडी घेताना एवढं केलं असतं, तर!

वर्षातून दोन दिवस

पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीला, गाडी धुऊन मेण लावा, भोकं मोकळी करा, उडालेले टवके बुजवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा चाकांच्या कमानींतला चिखल पाण्याच्या जोरदार धारेनं काढा. समुद्राच्या वाळूवर गाडी नेलीत, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्यानं धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका.

दुसरा दिवस दसऱ्याचा. त्या दिवशी आपण गाडीची पूजा करतोच. फूल वाहण्याआधी पाच मिनिटं खाली वाका, बॅटरी लावून कडा पाहा, सतरंज्या उचलून उन्हात टाका. आमच्या घरी आता हे काम लेकीकडे आहे. २०२२ च्या डिसेंबरात डाव्या दाराखालचा ठिपका तिनं आणि मी मिळून काढला. 'हे' आधी लांबून हसत होते, मग स्वतःहून कागद घासायला बसले. तो ठिपका काही पुन्हा आलेला नाही.

आपण बायका आपलं स्वतःचं दुखणं नेहमीच अंगावर काढतो. 'एवढ्याशानं काय होतंय' हे तर आपलं पाठच वाक्य! निदान ज्या गाडीत मुलंबाळं बसतात तिच्या बाबतीत तरी ते तोंडी येऊ देऊ नका. या रविवारी चहा झाला की अंगणात जा, दारं उघडा आणि खालच्या कडेवरून एकदा बोट फिरवून या.